आडनावाच्या मागावर

दोस्तांनो, तुमच्या वर्गाचा हजेरीपट जरा डोळ्यांसमोर आणा. इनामदार, कदम, कुलकर्णी, गायकवाड, चौगुले, जाधव, नागपूरकर, पाटील, पुन्हा पाटील, अजून एक पाटील, शिंदे, सय्यद... बाई भराभर नावं घेत जातात, तुम्ही "हजर" म्हणता आणि खाली बसता. ज्या आडनावाला तुम्ही रोज ओ देता, ते तुमच्या घरात आलं कधी, आणलं कोणी, हे विचारलंय का कधी कुणाला?

"त्यात काय विचारायचं? इंटरनेट आहे की!" असं तुमच्यापैकी निम्मे जण आत्ताच म्हणाले असतील. चौकटीत आडनाव टाकायचं, बटण दाबायचं, की मूळपुरुषापासून थेट आपल्यापर्यंत वंशावळ हजर! करून बघा. 'जाधव' टाका. हजारो जाधव येतील. त्यात एखादा पुण्याच्या लष्करी छावणीत बाप्तिस्मा झालेला असेल, एखादा थेट अमेरिकेत वारलेला. तुमचे पणजोबा त्यांत असले तरी ओळखायचे कसे? त्यांचा फोटोसुद्धा तुम्ही पाहिलेला नसतो.

तर आज आपण हा माग कसा काढायचा ते बघू. संगणक लागेल, पण तो मधे कुठेतरी. सुरुवातीला लागते ती आजी.

आजीकडे वही-पेन घेऊन बसा आणि फक्त माहीत असलेल्या माणसापासून सुरुवात करा. आधी तुम्ही, मग बाबा, मग आजोबा, मग त्यांचे वडील. प्रत्येकाचं पूर्ण नाव, गाव, साधारण जन्मसाल, बायकोचं माहेर. "साल कुठलं आठवतंय मला!" असं आजी म्हणणारच. तेव्हा साल विचारू नका. "तुमचं लग्न झालं तेव्हा कोयनेचा भूकंप झाला होता का?" असं विचारा. तो झाला ११ डिसेंबर १९६७ ला. "पानशेतचं धरण फुटलं तेव्हा बाबा केवढे होते?" ते फुटलं १२ जुलै १९६१ ला. "मोठा दुष्काळ पडला तेव्हा तुम्ही गावात होतात का?" तो १९७२ चा. म्हातारी माणसं घटना विसरत नाहीत, आकडे विसरतात. घटनेला धरून साल काढायचं काम तुमचं.

मग ट्रंका उघडा. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जुनं रेशनकार्ड, जमिनीचा सातबारा, लग्नपत्रिका, देवघरामागे ठेवलेली पोथी. पोथीच्या शेवटच्या पानावर मुलांच्या जन्मवेळा लिहून ठेवायची बऱ्याच घरांत पद्धत होती. कागद जुना असेल तर उलगडताना बाबांना हाक मारा, घडीवर फाटतो तो.

इथवर तीन-चार पिढ्या होतात. पुढची पायरी चढण्याआधी आडनाव या प्रकरणाविषयी थोडं बोलू, कारण बहुतेक शोध इथेच फसतात. आपण आडनाव पक्कं धरून चालतो, आणि आडनाव तर सगळ्यात सरकणारी गोष्ट!

साताऱ्याचंच उदाहरण घ्या. ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी तिथल्या सरकारी हायस्कुलात (आताचं प्रतापसिंह हायस्कूल) एका नऊ वर्षांच्या मुलाचं नाव इंग्रजी पहिलीत दाखल झालं. रजिस्टरला क्रमांक १९१४. नाव भिवा रामजी आंबेडकर. हेच पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. घराण्याचं मूळ आडनाव सकपाळ, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे. गावावरून आडनाव आंबेडकरपर्यंत कसं आलं, त्याच्या एकाहून जास्त हकिकती सांगतात. आपण त्यात शिरायला नको. आपल्या कामाचं एवढंच, की शाळेच्या रजिस्टरातल्या त्या एका ओळीच्या मागे जायचं असेल, तर 'आंबेडकर' शोधून काही मिळणार नाही. तिथून मागे 'सकपाळ' शोधायला हवं. (७ नोव्हेंबर हा दिवस २०१७ पासून आपल्या राज्यात विद्यार्थी दिन म्हणून पाळतात, तो या नोंदीमुळेच.)

किंवा 'मंगेशकर' घ्या. मास्टर दीनानाथांचा जन्म गोव्यातल्या मंगेशीचा, १९०० सालचा. गावाच्या नावावरून त्यांनी मंगेशकर हे आडनाव घेतलं. घराण्यात आधी ते नव्हतं. म्हणजे लतादीदींचं आडनाव त्यांच्या वडिलांइतकंच जुनं! १८५० सालच्या कागदांत ते कितीही शोधा, सापडायचं नाही.

'कर' लागलेल्या आडनावात आणखी एक गंमत असते. गावात राहणाऱ्याला गावाचं नाव कशाला लावतील? पुण्यात सगळेच पुण्याचे. पुणेकर म्हणायला माणूस पुण्याबाहेर पडायला हवा. तेव्हा तुमचं आडनाव असं असेल, तर तुमच्या पूर्वजांपैकी कोणीतरी ते गाव सोडून दुसरीकडे गेलं असण्याचा संभव फार. कोकणातल्या बेने इस्रायली ज्यू लोकांत हे छान दिसतं. नावं आब्राहाम, सॅम्युएल अशी आणि आडनावं पेणकर, रोहेकर, किहीमवरून केहिमकर. पुढे ही मंडळी मुंबईला गेली, तिथून कितीतरी इस्राएलला गेली, पण आडनावात गाव बसलेलंच आहे.

कामावरून पडलेल्या आडनावांत मात्र जपून! पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, चिटणीस, पोतनीस, हवालदार ही सगळी मुळात पदं. गावोगाव पाटील होते, तेव्हा वर्गातले तीन पाटील एकमेकांचे कोणी लागत असतील असं मुळीच नाही. परगणा आणि कुलकर्णी वतनं तर १९५० च्या कायद्याने गेली, आडनावं राहिली. आणि पदाच्या खाली मूळ आडनाव दडलेलं असतं. पेशव्यांचं आडनाव भट. नाना फडणवीसांचं भानू. तुमच्याही घरी आजोबांना विचारून पाहा, "आपलं जुनं आडनाव काय हो?" काही घरांत चटकन उत्तर मिळतं.

गोव्यात आणखी वेगळी तऱ्हा. पोर्तुगीज काळात धर्मांतर झालं तेव्हा पाद्र्याचं किंवा धर्मपित्याचं आडनाव पुष्कळांना मिळालं. त्यामुळे दोन डिसोझांचं रक्ताचं नातं असेलच असं नाही. आणि एकाच मूळ घराण्याच्या दोन शाखा, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती, वेगवेगळ्या आडनावांनी शेजारी राहत असतील.

हं, आता संगणक सुरू करा. आई किंवा बाबा शेजारी हवेत. खातं त्यांच्याच नावाने उघडायचं.

वंशावळीच्या संकेतस्थळांत मोठ्यात मोठं आणि फुकट असं एक म्हणजे फॅमिलीसर्च. त्याची कहाणी सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटी या गावी मॉर्मन पंथाचं मुख्य ठाणं आहे. कुटुंबाची नाती मेल्यानंतरही टिकतात आणि वारलेल्या पूर्वजांसाठी आपण धार्मिक विधी करू शकतो, अशी या लोकांची श्रद्धा. विधी करायचा तर पूर्वजाचं नाव माहीत हवं. (श्राद्धाला तीन पिढ्यांची नावं घेणाऱ्या आपल्या घरांना याचं फार नवल वाटू नये.) म्हणून त्यांनी १८९४ मध्ये वंशावळी जमवणारी संस्था काढली. १९३८ पासून ते जगभरच्या जन्ममृत्यूच्या नोंदींचे मायक्रोफिल्मवर फोटो घेऊ लागले. मायक्रोफिल्म म्हणजे सिनेमाच्या रिळासारखी फीत, तिच्यावर पानंच्या पानं बारीक करून उतरवलेली. अशी सुमारे २४ लाख रिळं जमली! ती ठेवायला त्यांनी ग्रॅनाइटचा एक डोंगर पोखरून कोठार केलं. १९९९ मध्ये संकेतस्थळ सुरू झालं आणि २०२१ पर्यंत ती सगळी रिळं संगणकावर चढवून झाली.

यात आपला काय संबंध? आहे ना! त्या फोटो काढणाऱ्यांनी आपल्या तीर्थक्षेत्रांच्या वह्यांचेही फोटो घेतले. हरिद्वारला पंड्यांकडे या वह्या आहेत, आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांकडे आहेत. घरातलं कोणी अस्थी घेऊन किंवा यात्रेला गेलं, की उपाध्ये पहिला प्रश्न विचारतात, "गाव कुठलं? आडनाव?" मग नेमकी त्या गावाची वही निघते. तिच्यात पूर्वी कोण आलं होतं, बरोबर कोण होतं, मुलंबाळं किती, सगळं लिहिलेलं. खाली आलेल्या माणसाची सही. आपल्या पणजोबांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली अक्षरं बघायला मिळतात कधी कधी. फॅमिलीसर्चवर हिंदू यात्रेकरूंच्या नोंदींचा जो संग्रह आहे, त्याच्या नावातच ११९४ ते २०१५ अशी सालं दिलेली आहेत.

पण थांबा, लगेच उड्या मारू नका. त्या संग्रहातल्या बऱ्याच पानांची नावांनुसार सूची नाही. तिथे फोटो आहेत, पान उलटत बसायचं. पान कुठल्या क्षेत्राचं, कुठल्या उपाध्यांचं हे आधी ठाऊक नसेल तर आठवडे जातील. तेव्हा आजीला आणखी एक प्रश्न विचारून ठेवा: "आपले क्षेत्रोपाध्ये कोण?" हे नाव घरात माहीत असेल तर कधी कधी संगणकापेक्षा नाशिकची एसटी लवकर पोचवते.

दुसरी अडचण अक्षरांची. जुने मराठी कागद मोडीत आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी चालू होती. तुमच्या पणजोबांना ती लिहिता येत असेल. लेखणी न उचलता सरसर लिहायची लिपी, शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. (शुद्धलेखनाला कंटाळलेल्या मंडळींनी उगीच खूश होऊ नये, ती वाचताना घाम फुटतो.) नावंही आजच्यासारखी लिहिलेली नसतात. 'राणोजी बिन तुकोजी' किंवा 'राणोजी वल्द तुकोजी' म्हणजे तुकोजीचा मुलगा राणोजी. आडनाव पुष्कळदा लिहिलेलंच नसतं! म्हणजे आपण ज्याच्या मागावर निघालो, तेच कागदावर नाही. मग काय करायचं? बापलेकांच्या नावांची जोडी आणि गाव पकडायचं. राणोजी शंभर सापडतील, तुकोजी शंभर सापडतील; अमुक गावचा तुकोजीचा राणोजी एखादाच.

इंग्रजी नोंदींत अडचण स्पेलिंगची. साहेबाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं त्याने लिहिलं. शिंद्यांचे सिंदिया झाले, गायकवाडांचे गायकोवर. पवार हे पोवार, पुआर असे कसेही येतात. तुमच्या आडनावात 'व' असेल तर व्ही आणि डब्ल्यू दोन्हींनी शोधा, 'श' असेल तर एच घालून आणि न घालून. एका कागदावर सुचतील तितकी स्पेलिंगं आधी लिहून काढा. सहा-सात तरी निघायला हवीत.

आणि मुळात एक लक्षात ठेवा. इंग्रज राजवटीतल्या हिंदुस्थानातल्या ज्या जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी परदेशी संकेतस्थळांवर मुबलक दिसतात, त्या बहुतेक युरोपियन आणि ख्रिस्ती लोकांच्या, कारण त्या चर्चच्या वह्यांतून आल्या. साध्या शेतकऱ्याच्या घरातला जन्म गावच्या वहीत नोंदला तर नोंदला. सगळ्या देशाला एकच असा, नोंदणी सक्तीची करणारा कायदा १९६९ चा. तेव्हा परदेशी संकेतस्थळावर खापरपणजोबा मिळाले नाहीत, तर हिरमुसून बसायचं कारण नाही. ते तालुक्याच्या कचेरीत असण्याची शक्यता जास्त.

जमीन असेल तर फारच बरं. 'महाभूमी'च्या संकेतस्थळांवर सातबारा दिसतो हे बाबांना माहीत असेल. पण 'आपले अभिलेख' म्हणून त्यांचंच एक दालन आहे, तिथे अनेक जिल्ह्यांतले जुने सातबारे आणि फेरफार यांची स्कॅन केलेली पानं बघायला मिळतात. फेरफार म्हणजे गाव नमुना सहा. जमीन कोणाकडून कोणाकडे गेली त्याची हकिकत. माणूस वारला की वारसांची नोंद होते, आणि ती नोंद वंशावळ शोधणाऱ्याला खजिन्यासारखी! कोण कधी वारलं, मागे मुलगे किती, मुली किती, विधवा कोण.

कागदांचा हा शोध सगळ्यांसाठी हौसेचा नसतो, हेही सांगितलं पाहिजे. घरात एखादा बारावीतला दादा किंवा ताई असेल तर त्यांना जात पडताळणीबद्दल विचारा. आपल्या राज्यात अनुसूचित जाती-जमातीच्या मुलाला आपलं कुटुंब १९५० च्या आधीपासून इथलं आणि त्या जातीचं असल्याचा पुरावा द्यावा लागतो. भटक्या-विमुक्तांसाठी ते साल १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १९६७. आता ज्या आजोबांच्या आधी घरात कोणी शाळेचं तोंड पाहिलं नाही, जे दर हंगामाला गाव बदलत होते, त्यांच्या घरात १९६१ चा कागद येणार कुठून? इंजिनिअरिंगची जागा हातात असते आणि आजोबांच्या चौथीच्या नोंदीसाठी दादा तीन तालुके पालथे घालत असतो. २०२३ मध्ये राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा शाळांची रजिस्टरं, गावच्या जन्ममृत्यूच्या वह्या, जुने महसुली कागद असं सगळं धुंडाळलं गेलं आणि मोडी वाचणारी माणसं जिकडेतिकडे शोधावी लागली. त्यातल्या लाखो नोंदी नंतर जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढल्या. आरक्षणाचा वाद मोठी माणसं बघतील. पण शंभर वर्षांपूर्वी एखाद्या कारकुनाने झोपेतून उठून लिहिलेल्या एका शब्दावर आज कोणाचं तरी कॉलेज ठरतं, हे माहीत असू द्या. जुना कागद रद्दीत घालण्यापूर्वी आईला हे सांगाल ना?

आता जरा लांब जाऊ. हिंदी महासागरात मॉरिशस नावाचं बेट आहे, तिथे मराठी माणसं आहेत. १८३४ पासून तिथल्या उसाच्या मळ्यांवर करारावर मजूर न्यायला सुरुवात झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे थांबेपर्यंत हिंदुस्थानातून साडेचार लाखांच्या आसपास माणसं त्या बेटावर उतरली. बहुतेक बिहार आणि उत्तरेकडची, काही मद्रास बाजूची. आणि मुंबई बंदरातून गेलेली आपली, त्यांत कोकणातली पुष्कळ. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर ती उतरली, त्याला आप्रवासी घाट म्हणतात; २००६ मध्ये तो जागतिक वारसास्थळ झाला.

उतरल्यावर प्रत्येकाला मिळायचा एक क्रमांक. रजिस्टरात क्रमांकापुढे नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, गाव, जिल्हा, जहाज. पुढे १८६० नंतर फोटोही काढू लागले. ही रजिस्टरं आज मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवली आहेत, आणि पूर्वजांचा शोध घेणारी माणसं तिथे जातात. आपल्या गावच्या पाटलाच्या वहीतही ज्या माणसाचं नाव धड नसेल, त्याच्या डाव्या गालावर व्रण होता हे मॉरिशसला लिहिलेलं सापडतं!

आणि आडनाव? ते जहाजातच राहिलं म्हणायचं. कारकुनाला दोन नावं पुरेशी होती. मजुराचं पहिलं नाव त्याच्या मुलाच्या नावामागे लागलं आणि तेच पुढे घराण्याचं आडनाव झालं. त्यामुळे तिथे रामजी, भिवाजी ही आडनावं आहेत. लक्ष्मणचं फ्रेंच-इंग्रजी वळणाने लक्झिमन झालं. एखाद्या लक्झिमनला आज कोकणातलं आपलं घर शोधायचं असेल तर तो आडनाव शोधून काय करणार? त्याला क्रमांक लागेल, आणि गाव. गाव कारकुनाने कानाला लागलं तसं लिहिलेलं. शिवाय जिल्हा रत्नागिरी म्हटलं तरी ते गाव आज सिंधुदुर्गात असेल, कारण १ मे १९८१ ला रत्नागिरीचे दोन जिल्हे झाले. पुरानं साल आणि नवा नकाशा यांची गाठ घालणं हे या शोधातलं अर्धं काम आहे. तुमचंही गाव जुन्या कागदात ठाणे जिल्ह्यात असेल आणि आता पालघरात.

जरा गणित करू. तुम्हाला आई-वडील दोन. आजी-आजोबा चार, दोन्हीकडचे धरून. त्यांचे आई-वडील आठ. पुढे सोळा, मग बत्तीस. पाच पिढ्या मागे गेलात, साधारण सव्वाशे-दीडशे वर्षं, की तुमचे बत्तीस पूर्वज होतात. त्यांतल्या एकाच पुरुषाकडून तुमचं आडनाव तुमच्यापर्यंत आलं. उरलेल्या एकतीस जणांचं काय?

आता घरात किंवा भाऊबंदांकडे एखादी छापील किंवा हाताने काढलेली वंशावळ असेल ती बघा. मुलगे, नातू, पणतू. बायका नाहीतच! एखाद्या नावापुढे लिहिलेलं असतं, 'निर्वंश'. मी अशा वंशावळी पाहिल्या आहेत, ज्यांत 'निर्वंश' म्हणून फुली मारलेल्या माणसाला तीन मुली होत्या. त्या सासरी गेल्या, त्यांना मुलं झाली, त्यांची नातवंडं आज कुठेतरी शाळेत हजेरी देत असतील. कागदाच्या हिशोबी वंश संपला. मला विचाराल तर वंशावळीतला हा सगळ्यात खोटा शब्द आहे.

म्हणून आईच्या बाजूने शोध घ्या, आणि आजीच्या माहेराच्या बाजूने. तो जास्त अवघड आहे, कारण लग्नात आडनाव तर बदललंच, कित्येकींचं पहिलं नावही बदललं. 'सौ. लक्ष्मीबाई' माहेरी कोण होती हे त्या घरातली शेवटची म्हातारी गेली की कोणालाच सांगता येत नाही. झाशीच्या राणीचं मनकर्णिका तांबे हे माहेरचं नाव इतिहासाने टिकवलं. तुमच्या पणजीचं कोण टिकवणार? मघाशी सांगितलेली वारसनोंद इथे कामाला येते, कारण तिच्यात मुलींची नावं असतात, पुष्कळदा सासरच्या गावासह. एवढं मात्र झालं आहे, की १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत आपल्या राज्यात सरकारी कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि आडनाव असा क्रम ठरला आहे. अजून शंभर वर्षांनी शोधणाऱ्यांना थोडं सोपं जाईल.

दोन-तीन सूचना आहेत, त्या पालकांनीही वाचाव्यात. संकेतस्थळांवर लोकांनी स्वतः चढवलेल्या वंशावळी असतात. एकाने चूक केली की बाकीचे ती उतरवून घेतात, तुम्ही गृहपाठ उतरवून घेता तशीच. पन्नास ठिकाणी तेच लिहिलेलं दिसलं तरी मूळ कागद कुठला ते विचारा. आजोबांच्या वडिलांपर्यंत कागद आहेत, तिथून एकदम दोनशे वर्षांची उडी आणि मग महाराजांचे एखादे सरदार, अशी वंशावळ दिसली तर ती उडी कशी मारली ते बघा. सरदार होते तसे त्यांचे घोडे सांभाळणारेही हजारो होते, आणि त्यांनाही नातवंडं झाली.

दुसरं, जिवंत माणसांची माहिती चढवायची नाही. नाव, जन्मतारीख, आईचं माहेरचं आडनाव, यातलं काहीच नाही. बँका ओळख पटवायला नेमकं हेच विचारतात, आणि भामट्यांना ते ठाऊक असतं. वारलेल्यांचीही एखादी गोष्ट घरच्यांना दुखवणारी असेल तर आधी घरात विचारा. एखाद्या आजोबांनी आडनाव बदललं असेल, तर त्याला कारण असेल. आडनाव सांगितल्याबरोबर लोकांची नजर बदलते, हे सोसून ज्यांनी नाव बदललं ते कमी नाहीत. असे बदल सरकारी राजपत्रात छापून येतात, त्यामुळे तिथेही माग लागतो. पण लागला म्हणून तो चारचौघांत वाचून दाखवायचा नसतो.

सालांचंही जमवून ठेवा. जुन्या कागदात शके असेल तर ७८ मिळवा: शिवराज्याभिषेक शके १५९६, म्हणजे १६७४. तारीख जानेवारी ते गुढीपाडव्याच्या मधली असेल तर ७९. पेशवाईतल्या कागदांत मात्र अरबी आकड्यांत लिहिलेला शुहूर सन असतो आणि तो शब्दांत लिहितात, एककापासून उलटा. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, ११६१. हे वर्ष सूर्य मृगात गेला की सुरू होतं. जून ते डिसेंबर असेल तर ५९९ मिळवायचे, जानेवारी ते मे असेल तर ६००. आपला दिवस जानेवारीतला धरू. ११६१ अधिक ६००, म्हणजे १७६१. कुठली लढाई ते सांगायला नकोच!

आता हे तुमच्यासाठी: इसन्ने म्हणजे दोन, खमसैन म्हणजे पन्नास. एका कागदावर 'इसन्ने खमसैन मया व अलफ' असं साल आहे आणि महिना ऑगस्टचा आहे. इसवी सन कोणता? उत्तर पोस्टकार्डावर कळवा, आणि त्याच कार्डावर आजीच्या आईचं माहेरचं आडनावही लिहा. उत्तर पुढच्या अंकात. त्याच अंकात मोडीतली पहिली काही अक्षरं गिरवू, बोरू नसला तर शाईचं पेन चालेल.